कळण्याचं पीठ, खवट शेंगदाणे आणि अर्धकच्ची बिस्किटं: कुत्र्यासाठी घरचा खाऊ करताना या चुका टाळा

चॉकलेट कुत्र्याला देऊ नये, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. घरच्या खाऊतून त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टींनी. आपल्या जेवणासाठी आधीच मीठ-मसाला लावून ठेवलेलं साहित्य त्यात जातं, किंवा खाऊ नीट वाळवलेला नसतो.

सुरुवात पिठापासून. खान्देशात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ घरात असतंच, म्हणून तेच मळून बिस्किटं थापली जातात. पण ज्वारी-उडीद दळायला देतानाच बऱ्याच घरांत त्यात मीठ टाकतात, आणि उडदानं अनेक कुत्र्यांच्या पोटात गॅस धरतो. नुसत्या ज्वारीचं किंवा बाजरीचं ताजं पीठ घ्या. मीठ, गूळ, साखर काहीही घालू नका. आपल्या जिभेला अळणी लागलं तरी कुत्रा वासावर खातो.

भरीत उरलं की त्यातलं चमचाभर पिठात कालवण्याचा मोह होतो. तो आवरा. वांग्याची अडचण नाही, भरतातल्या कांद्याच्या पातीची आणि लसणाची आहे. कांदा, पात, लसूण कच्चे, शिजवलेले किंवा वाळवून पूड केलेले, कसेही असले तरी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन ते पाच दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. तोवर आपण काय खाऊ घातलं हे विसरूनही गेलेलो असतो. शेव भाजीचा रस्सा, मटणाचा रस्सा, लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी या सगळ्यांना हाच नियम. शिऱ्यातले मनुके आणि द्राक्षं मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ली तर चालतील असं सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मांड्यांतलं पुरणही नको, त्यात गूळ, तूप आणि जायफळ असतं.

शेंगदाण्याबाबत सगळ्यात जास्त काळजी घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे आपण निवडून बाजूला काढतो आणि ‘कुत्र्याला चालतील’ म्हणून ठेवतो. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते थेट यकृतावर घाला घालतं, आणि घरच्या भाजण्यानं ते नष्ट होत नाही. मक्यालाही हेच लागू. जे दाणे आपण खाणार नाही, ते त्यालाही नकोत. चांगले दाणे भाजून, मीठ न घालता मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटले की झालं. विकतचं पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल किंवा ९६७ हा क्रमांक आहे का ते पाहा. ‘शुगर-फ्री’ मालात हा गोडवा असू शकतो. त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासातही धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

आता साधं प्रमाण. ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम, उकडून कुस्करलेलं गंगाफळ (लाल भोपळा) १०० ग्रॅम, एक अंडं, शेंगदाण्याचं वाटण ३० ग्रॅम आणि लागेल तसं ३० ते ५० मिली गरम पाणी. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून गार पाण्यात मळलं की लाटताना कडा फुटतात. भाकरीसारखं गरम पाण्यात मळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग दोन प्लास्टिक कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटर जाड लाटा. अडीच सेंटिमीटरचे चौकोन कापले की साधारण १०० तुकडे होतात आणि एका तुकड्यात सुमारे १० कॅलरी पडतात.

ओव्हन १५० अंशांवर, वेळ ३५ मिनिटं. नंतर ओव्हन बंद करून तुकडे तासभर आतच राहू द्या. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मिठाचा थर देऊन, शिटी आणि रिंग काढून, दहा मिनिटं तापवा. मग ताटलीत एकच थर ठेवून मंद आचेवर ४० मिनिटं भाजा.

कडा करपल्या आणि मध्य मऊ राहिला, तर आच जास्त होती किंवा जाडी कमी-जास्त होती. गार झालेलं बिस्कीट मोडून पाहा: कट्ट आवाज आला आणि आतला रंग बाहेरसारखाच दिसला तर ते झालं. वाकत असेल तर पुन्हा मंद आचेवर घाला. सगळ्यात खात्रीचा उपाय वजनकाटा. सव्वाचारशे ग्रॅम कच्च्या गोळ्याची बिस्किटं वाळून २५० ते २६० ग्रॅमवर यायला हवीत. ३०० भरत असतील तर पाणी आतच आहे आणि पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी येईल. एकावर जरी बुरशी दिसली तरी अख्खा डबा टाकून द्या, खरवडून काही साधत नाही. पूर्ण गार होण्याआधी झाकण लावलं तरी आत वाफ धरते. डबा फ्रीजमध्ये दोन आठवडे ठीक राहतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बाहेर ठेवलेल्या बिस्किटांतलं शेंगदाण्याचं तेल लवकर खवट होतं.

त्याच उन्हात केळीच्या चकत्या मात्र छान वाळतात. रावेर-यावलकडची पिकलेली केळी सोला, अर्धा सेंटिमीटरच्या चकत्या करा, वर मलमलचं कापड बांधा आणि रात्री घरात घ्या. कोंबडीचं मांस उन्हात वाळवायचं नाही, कधीच. तितक्या उष्णतेत जंतू मरत नाहीत, उलट वाढतात. आधी आतला गुलाबीपणा जाईपर्यंत पाण्यात शिजवा, हाडं काढा, मग ओव्हनमध्ये वाळवा. शिजलेलं हाड अणकुचीदार फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. बाजारचे तळलेले, खारवलेले केळीचे वेफर्सही नकोत.

प्रमाण चुकलं तर चांगला खाऊही बाधतो. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांपर्यंतच ठेवा. वाढ पूर्ण झालेल्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, म्हणजे वरची सहा बिस्किटं, वीस किलोच्याला दहा. वाळलेल्या केळीत साखर आटून घट्ट झालेली असते, तेव्हा त्या दिवशी बिस्किटं कमी करा. नवा पदार्थ एका वेळी एकच द्या आणि तीन दिवस जुलाब, उलटी, खाज यावर लक्ष ठेवा. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्यासाठी ही कृती डॉक्टरांना विचारूनच वापरा.

आणि चुकून कांदा, मनुके किंवा झायलिटॉल पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. त्या मिठानंच विषबाधा होऊ शकते. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती हे कागदावर लिहा, पाकीट असेल तर सोबत घ्या आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.