रविवारी पाठलाग आहे, शनिवारी एवढं करून ठेवा

टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग खेळात खेळाडू एकेक पात्र होतात आणि गोष्ट एक जण चालवतो. ती तुम्ही चालवणार असाल आणि पुढच्या भागात पाठलाग असेल, तर ही तयारी. सगळ्यात आधी वहीत एक ओळ लिहा: कोण कोणाच्या मागे आहे आणि निसटला तर काय जाणार. आमच्या चालू खेळात चोरीची मूर्ती एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोत आहे आणि गाडी जुन्या नाशकातून निघून कसारा घाटाकडे चाललीय. घाट उतरली की गेली. पाठलाग कुठे संपणार हे आधी ठरलेलं हवं. ते न ठरवता मी पहिला पाठलाग चालवला, तेव्हा पाऊण तास नुसतं ‘ॲक्सिलरेटर दाबतो’ आणि फासा, परत ‘दाबतो’ आणि फासा. चौथा खेळाडू तोवर उठून मिसळ आणायला गेला होता, आणि त्याचं काही अडलं नाही.

वेग मोजू नका. ताशी किती, फेरीत किती फूट, हे गणित सुरू झालं की गाडी टेबलावरच बंद पडते. अंतराची पाच घरं आखा: हाताशी, हाकेवर, नजरेत, वळणाआड, निसटला. मूर्तीवाली गाडी म्हणून कॅरमची क्वीन ‘नजरेत’ ठेवा. फेरी जिंकली की एक घर जवळ, हरली की एक घर लांब. उडी मारणं, धडक देणं, टपावर चढणं हे ‘हाताशी’ आल्यावरच. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४ च्या नियमांत पाठलागात तीन अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (पात्राच्या दमाचा आकडा) इतक्या वेळा फुकट धावता येतं, पुढच्या प्रत्येक धावेला १० चा चेक (फासा आणि तो आकडा मिळून किमान १० हवेत), चुकला की दमणूक. पायी पळणाऱ्याला हे छान. गाडी दमत नाही, तापते. म्हणून प्रत्येक गाडीला इंजिनाची तीन घरं द्या. जास्त पिळली की एक घर काळं, तिन्ही काळी झाली की बॉनेटमधून धूर.

आता रस्ता, आणि शनिवारचा बहुतेक वेळ इथेच जाऊ द्या. कॉल ऑफ क्थुलू या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळाच्या सातव्या आवृत्तीत पाठलाग म्हणजे ठिकाणांची साखळी असते. ती कल्पना सरळ उचला. सहा-सात ठिकाणं पुरे: रविवार कारंजा, द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, इगतपुरी, घाट. प्रत्येक ठिकाणी नुसता अडथळा नको, दोन वाटा हव्यात आणि दोन्हींची किंमत वेगळी हवी. उड्डाणपुलावर चढलात तर वेग मिळतो, पण उतरायच्या जागा मोजक्या. खालून गेलात तर प्रत्येक चौकात रिक्षा आडव्या, पण गल्लीत घुसता येतं.

अडचणींसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तक्त्यात वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त आलं तर काहीच घडत नाही. मला ते पटत नाही. काहीच घडणार नसेल तर फासा टाकायचा कशाला? माझी यादी महिना बघून बनते. फेब्रुवारीत द्राक्षांच्या क्रेटने लादलेली पिकअप आडवी येते. पावसाळ्यात गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं असेल तर गोदाघाटावरून गाडी काढणं विसरायचं, होळकर पुलावरच्या गर्दीत शिरायचं. आणि रंगपंचमी असेल तर तिवंध्याची पेशवेकालीन रहाड! वर्षभर झाकलेला हौद त्या दिवशी उघडा, रंगीत पाण्याने भरलेला, भोवती धपाधप उड्या मारणारी पोरं. आमच्या ड्रायव्हरने तिथे करकचून ब्रेक मारला तेव्हा मागच्या सीटवरची ओरडली, “अरे दादा, माणसं आहेत, उलटी घे!” रिव्हर्समध्ये पाठलाग मी वहीत लिहिला नव्हता.

ती मागच्या सीटवरची महत्त्वाची. चाक एकाच्याच हातात असतं, बाकीचे तिघे प्रवासी होऊन बसतात. म्हणून प्रत्येकासाठी एक चिठ्ठी करा. एकाला मागे येणाऱ्या बुलेटवाल्याकडे लक्ष, एकीला फोनवर पुढच्या चौकातल्या पानटपरीवाल्याकडून खबर, एकाला गाडीत सापडेल ते फेकायचं काम. कांद्याची गोणी फेकली तर बोनस द्या, नाशिक आहे. फेरीची सुरुवात ड्रायव्हरपासून कधीच करू नका. आधी बाकीच्यांना विचारा, मग त्याने त्यांच्या गोंधळातून गाडी काढायची.

चहा आधीच उरकून घ्या. सेशनमध्ये लावायचं संगीत आदल्या रात्री एकदा वाजवून बघा, खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी झोपतात.

आणि हरले तर काय, तेही लिहून ठेवा. माझ्या वहीत असं आहे: धुक्यात घाट उतरून गाडी कसारा स्टेशनबाहेर सापडते, दार उघडं, आत फक्त पेंढा. मूर्ती लोकलमध्ये चढलीय, आणि लोकल सुटायला चार मिनिटं आहेत.