जुन्या गाडीचे काटे चुकतायत? फ्लोट घ्यायच्या आधी अर्थिंग बघा

जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं काम नवीन शिकायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारतो, की पेट्रोलचा काटा चुकतोय तर टाकीतला फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजून मीटरला कळवणारा सेन्डर) कुठला घेऊ? माझं उत्तर दरवेळी तेच असतं, अजून काहीच घेऊ नका, आधी बाकीचे काटे काय दाखवतायत ते सांगा. मल्टिमीटर कसा लावायचा, वायरिंग डायग्राम कसा वाचायचा हे येतंय असं धरून चाललोय. येत नसेल तर आधी तेवढंच शिका, त्याशिवाय क्लस्टरला, म्हणजे सगळे मीटर बसवलेल्या डॅशबोर्डच्या भागाला, हात लावू नका.

आता जिथे मी सगळ्यात जास्त अडकलो तिथे येतो, आणि हे जरा लांबणार आहे, पण लांबूदे.

बऱ्याच जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि टेंपरेचरचे मीटर बायमेटलचे असतात. आत धातूची दुहेरी पट्टी, तिच्यावर तार गुंडाळलेली, करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा सरकतो. म्हणूनच चावी फिरवल्यावर काटा सावकाश वर चढतो आणि बंद केल्यावर सावकाश खाली येतो. झटक्यात उडत असेल तर मीटर मॅग्नेटिक आहे, त्याला यातलं बरंचसं लागू नाही. हे बायमेटलचे मीटर व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक. बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, एवढ्या फरकानेसुद्धा काटा हलेल. म्हणून क्लस्टरच्या मागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. स्मिथ्स कंपनीचे मीटर असलेल्या ब्रिटिश गाड्यांत तो सरासरी १० व्होल्ट देतो, जुन्या अमेरिकन फोर्डमध्ये ५ च्या आसपास. सरासरी हा शब्द नीट वाचा, कारण डबीच्या आतही बायमेटलचीच पट्टी आणि पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा संपर्क) आहे, तापली की पॉइंट उघडतो, गार झाली की मिटतो, म्हणजे बाहेर येतं ते कधी पूर्ण बारा तर कधी शून्य. डिजिटल मल्टिमीटर लावला की आकडे नाचतात आणि नवीन माणूस म्हणतो डबी गेली. गेलेली नसते. टेस्ट लॅम्प लावा, दिवा लुकलुकला तर डबी काम करतेय.

आणि खरा सापळा इथे आहे. त्या पट्टीवरची तार तापायला तिला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे जाणारी वाट, लागतो, आणि तो अर्थ तिला मिळतो डबीच्या पत्र्यातून, तिथून स्क्रूतून, तिथून क्लस्टरच्या बॉडीतून. स्क्रूखाली गंज चढला, कुणी रंग मारला, स्क्रू सैल झाला, की तार तापत नाही, पॉइंट उघडतच नाही आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मीटरला जातं. मग पेट्रोलचा काटा फुलच्या पुढे आणि टेंपरेचरचा लालकडे. लाल काटा बघून घाबरलेला माणूस थर्मोस्टॅट बदलतो, रेडिएटर साफ करून घेतो, इंजिनावरचा टेंपरेचरचा सेन्डर बदलतो, सगळे पार्ट चांगले, सगळं काम चांगलं, आणि काटा होता तिथेच. या चक्रात माणूस किती खचतो ते मला माहितीये, आपल्याला हे काम जमणारच नाही असं वाटायला लागतं. जमतं. तुम्ही चुकीच्या टोकाला शोधत असता एवढंच.

याच सापळ्याचं दुसरं तोंड जास्त वाईट. तपासायला म्हणून क्लस्टर बाहेर ओढायचा, वायरींवर लोंबकळत ठेवायचा आणि चावी फिरवायची. बऱ्याच गाड्यांत क्लस्टर डॅशला घट्ट बसलेला असतो तेव्हाच त्याला अर्थ मिळतो, बाहेर काढला की डबीचा अर्थ गेला आणि चांगले मीटरही पूर्ण व्होल्टेजवर तापायला लागले. तसेच ठेवले तर आतली तार जळू शकते आणि जुना मीटर परत मिळवणं सोपं नसतं. क्लस्टर बाहेर असताना चावी फिरवायचीच असेल तर क्लस्टरच्या बॉडीपासून गाडीच्या बॉडीपर्यंत क्लिपवाली जंपर वायर लावा. आधी जंपर, मग चावी. आणि क्लस्टर काढताना, बसवताना बॅटरीचं टर्मिनल सुटलेलंच पाहिजे.

म्हणून माझा नियम असा, की दोन्ही काटे एकाच दिशेने चुकत असतील तर डबी किंवा तिचा अर्थ, दोन्ही मेलेले असतील तर डबीला सप्लाय येतोय का बघा, आणि एकच चुकत असेल तरच त्याच्या सेन्डरकडे, वायरीकडे जा. अर्थ तपासताना ओहमवर विश्वास ठेवू नका, एवढ्या कमी करंटला गंजलेला जोडही चांगला दिसतो. चावी ऑन, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल डबीच्या पत्र्याला. शून्याच्या जवळ यायला हवं, ०.२ च्या वर गेलं की जोड उघडून घासा.

डबीच्या जागी ७८१० (१० व्होल्टची) किंवा ७८०५ (५ व्होल्टची) ही रेग्युलेटर आयसी टाकायची पद्धत मला आवडते, व्होल्टेज स्थिर राहतं आणि पॉइंट झिजायची भानगड नाही, फक्त हीटसिंक लावा आणि आपल्या गाडीला दहा हवेत की पाच ते आधी बघा. पण अर्थ तिलाही लागतो. तो तुटला तर तीही जवळजवळ पूर्ण व्होल्टेज पुढे सोडते. पॉझिटिव्ह अर्थवाल्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेल्या गाडीला ती सरळ लावू नका.

व्हिडिओंमधला एक शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, वायरीत अंदाजाने रेझिस्टर टाकून काटा 'जागेवर' आणायचा. एका जागी बरोबर आणि बाकी सगळीकडे चूक असा मीटर तयार होतो, आणि पुढच्या माणसाला तो रेझिस्टर शोधत बसावं लागतं. शिकायला उस्ताद निवडताना पण हेच बघा. गाडी आल्या आल्या पाना उचलतो त्याच्यापेक्षा, चावी फिरवून दोन मिनिटं नुसते काटे बघत बसतो त्याच्याकडे राहा, सुरुवातीला कंटाळवाणं वाटेल तरी.

फ्लोट खरंच खराब निघाला तर 'युनिव्हर्सल' म्हणून मिळेल तो घेऊ नका. जुन्या फोर्डमध्ये रिकाम्या टाकीला ७३ ओहम आणि भरलेल्याला १०, जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) बऱ्याच गाड्यांत रिकामी ० आणि भरलेली ९०, व्हीडीओ (VDO) कंपनीच्या नेहमीच्या सेन्डरला १० ते १८०. फोर्डच्या मीटरला जीएमचा फ्लोट लावला तर काटा उलटा चालणार. मीटर तपासायला सेन्डरची वायर टाकीपासून लांबच्या कनेक्टरवर सोडा, तिथून अर्थला गाडीच्या आकड्याएवढा रेझिस्टर लावा आणि काटा बघा. वायर थेट अर्थला टेकवून बायमेटलचा मीटर धरून ठेवू नका, आणि टाकीच्या तोंडाशी ठिणगी पडेल असं काहीही, कधीही नाही.

टेंपरेचरच्या सेन्डरला चुड्यांवरून (आट्यांवरून) अर्थ मिळतो, तिथे टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली की काटा कमी दाखवतो आणि इंजिन तापलेलं कळतच नाही. थर्मोस्टॅट हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारून काट्याशी ताडून बघा. ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आला तर मात्र मीटरवर संशय घ्यायचा नाही, आधी इंजिन बंद. मग सेन्डर काढून तिथे मेकॅनिकल गेज लावायचा, आणि प्रेशर आहे हे त्यावर दिसल्यावरच वायरिंगकडे जायचं.

स्पीडोमीटर वेगळ्या घरातला. फिरणारं मॅग्नेट आणि त्याच्याभोवतीचा ॲल्युमिनियमचा कप ही जर्मन इंजिनिअर ओटो शुल्झे याची १९०२ ची कल्पना, केबलवाल्या गाड्यांत तीच चालते. काटा थरथरत असेल तर केबल बाहेर काढा, साफ करा, खालच्या दोन तृतीयांश भागाला पातळ ग्रीस लावा, वरपर्यंत लावलं तर ते मीटरच्या डोक्यात चढतं. जीपीएसपेक्षा थोडं जास्त दाखवत असेल तर घाबरू नका. युरोपात चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या रेग्युलेशन ३९ मध्ये मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला परवानगीच नाही, जास्त मात्र १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत चालतं. कमी दाखवत असेल तर आधी टायरची साइज बघा.

क्लस्टरमागची प्लास्टिकची प्रिंटेड सर्किटची पट्टी बघून बऱ्याच जणांचे हात थांबतात. नाजूक आहे खरी, पण पेन्सिलच्या खोडरबराने तांबं हलकेच पुसलं आणि नट जेमतेम घट्ट केले की बहुतेक वेळा चालते.

आणि मीटरच्या पाठीमागे काट्याच्या ॲडजस्टमेंटची छिद्रं दिसली तर त्यांना अगदी शेवटी हात लावा, अर्थ, डबी, सेन्डर सगळं पक्कं झाल्यावर. टाकी रिकामी असताना काटा कुठे आहे ते लिहा, मग पाच-पाच लिटर भरत प्रत्येक वेळी लिहा, आणि दरवेळी काटा पूर्ण थांबेपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा, नाहीतर अर्ध्या वाटेतलाच आकडा लिहाल.