चिनी क्रियापद ‘ता’: मारणे, पण कुठवर?

मँडरिन शिकायला लागलं की ‘ता’ हे क्रियापद लवकरच भेटतं. कोशात पहिला अर्थ असतो ‘मारणे’. रोमन लिपीत ते ‘डी’ने लिहितात, म्हणून बरेच जण ‘दा’ म्हणतात. पण तो उच्चार आपल्या ‘त’च्या जवळचा आहे. रोमन ‘टी’ म्हणजे ‘थ’. त आणि थ मराठी कानाला आपोआप वेगळे ऐकू येतात, त्याचा फायदा घ्या. मँडरिनमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो; ‘ता’चा सूर तिसरा, खाली दाबलेला. चौथ्या सुरात, वरून झपकन उतरत म्हटलंत तर ‘मोठा’ हा निराळाच शब्द होतो.

अर्थ ठरतो पुढच्या नामावरून. आपण शिट्टी मारतो, त्यात मारहाण नसते, तसंच हे. पुढे तिएनह्वा (फोन) आला तर फोन करणे, सान (छत्री) आली तर छत्री उघडून धरणे, माओ-ई (स्वेटर) तर विणणे, श्वेइ (पाणी) तर पाणी भरून आणणे. श्वेइ आणि सान हेही तिसऱ्याच सुराचे, म्हणून त्यांच्याआधी ‘ता’ दुसऱ्या, चढत्या सुरात म्हणायचा. ‘ता चन’ म्हणजे इंजेक्शन देणे आणि घेणेही. कोण देतंय ते संदर्भावरून कळतं.

म्हणून वहीत नुसतं ‘ता’ लिहू नका, जोडी लिहा. मराठी ‘मारणे’वर विसंबलात तर फसाल: उडी मारायला थ्याओ, गप्पांना ल्याओ, हाकेला च्याओ. बास्केटबॉल ‘ता’ने खेळतात, फुटबॉल मात्र ‘थी’ने, कारण थी म्हणजे लाथ मारणे.

फोन कोणाला केला हे ‘केइ’ लावून आधी सांगायचं: ‘वो केइ था ता तिएनह्वा’, मी त्याला फोन करतो. घाईत ‘वो ता था’ एवढंच म्हटलंत, तर मी त्याला मारतो! एक फोन केला, असं सांगताना ‘ल’ (क्रिया झाली हे दाखवणारा) आणि संख्या जोडीच्या मधे शिरतात: ‘ता-ल ई-क तिएनह्वा’.

दुकानात ‘ता च’ म्हणजे सूट, आणि इथे हमखास गफलत होते. ‘ता पा च’मधला पा म्हणजे 8, पण सूट 80 टक्के नाही; 80 टक्के किंमत भरायची. 200 युआनचा शर्ट 160 ला. ‘ता छी-ऊ च’, म्हणजे साडेसात, असेल तर 150 ला. आकडा जितका लहान, तितकी सूट मोठी.