डोक्यात भुंगा लागला की मी काय करते

शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज आला, "सोमवारी बोलूया जरा." बास, एवढंच. मग सोमवारपर्यंत ते "जरा" डोक्यात फिरत राहिलं, जेवताना, अंघोळ करताना, रात्री दोनला पण. आई म्हणाली "अगं सोड ना तो विषय", पण हातात असतं तर केव्हाच सोडला असता ना.

मी ऑटिस्टिक आहे. आपल्या ऑटिस्टिक लोकांतल्या बऱ्याच जणांचं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीत जातं आणि पार तळापर्यंत जातं, तिथून ते पटकन वर काढता येत नाही. याला मोनोट्रॉपिझम म्हणतात, डिना मरे, माईक लेसर आणि वेन लॉसन यांचा यावरचा पेपर २००५ चा आहे. तो कळल्यावर मला खूप हलकं वाटलं, कारण तोवर मी स्वतःला हट्टी समजत होते. आणि विचार दाबून तर अजिबात जात नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने एका प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल येतच राहिलं, आणि नंतर विचार करायची परवानगी दिल्यावर तर अजूनच जास्त आलं.

म्हणून आधी शरीर बघा. मला भूक लागलेली वेळेत कळतच नाही, त्यामुळे भुंगा सुरू झाला की मी पहिलं पाणी पिते, दहीभात खाते, लाईट बंद करते, कानाला हेडफोन लावते. कधीकधी अर्धा जोर तिथेच ओसरतो.

मग वही. पानावर उभ्या दोन रेघा मारायच्या म्हणजे तीन रकाने होतात. पहिल्यात प्रत्यक्षात काय झालं ते, शब्द न शब्द. दुसऱ्यात मी त्याला काय जोडलं. तिसऱ्यात कोणाला काय विचारता येईल. त्या मेसेजचं पान अजून आहे, पहिल्या रकान्यात तीन शब्द आणि दुसरा खालपर्यंत गच्च भरलेला, नोकरी जाणार इथपर्यंत. तिसऱ्यात एकच ओळ होती, "कशाबद्दल बोलायचंय ते आधी सांगाल का, मला तयारी करून यायला बरं पडतं." रविवारी ती पाठवली, उत्तर आलं की दिवाळीच्या सुट्ट्यांचं प्लॅनिंग आहे. आता ऑफिसमध्ये मी सांगूनच ठेवलंय की मेसेजमध्ये विषय लिहा.

पण सगळ्याच गोष्टींना तिसरा रकाना नसतो, दहा वर्षांपूर्वीचं एखादं बोलणं कोणाला विचारणार. तेव्हा लक्षाला हळूहळू दुसरीकडे उतरायला उतार लागतो, एकदम दुसरीकडे उडी मारायला लावू नका. माझं वेड ट्रेनचं, म्हणून मी पुण्यात वनाजला मेट्रोत बसते आणि रामवाडीपर्यंतची १६ स्टेशनं मनात आधी म्हणते, मग अनाऊन्समेंट येते, आनंद नगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप... गरवारे कॉलेज येईपर्यंत विचार असतोच, पण आवाज कमी झालेला असतो. गर्दीच्या वेळी मात्र नको, त्याने उलट होतं. तुमचं वेड क्रोशे असेल, किल्ले असतील, तेच वापरा, नवीन छंद शोधायची ही वेळ नाही.

घरच्यांना एक सांगून ठेवा. "विसर आता" म्हणण्याऐवजी "किती वेळ बोलायचंय?" असं विचारा. आई आता गॅसजवळचा टायमर २० मिनिटांवर लावते आणि मधे न बोलता ऐकते. टायमर वाजला की आम्ही दोघी चहा करतो.

विचाराबरोबर सारखं हात धुणं, कुलूप परत परत बघणं असं काही करावंच लागत असेल तर तो ओसीडी हा मानसिक आजार असू शकतो, ऑटिझम आणि ओसीडी दोन्ही एकत्रही असू शकतात, डॉक्टरांना दाखवा. काउन्सेलरला पहिल्याच भेटीत सांगा की मी ऑटिस्टिक आहे, मला उदाहरण देऊन समजवा आणि लिहून द्या. झोप उडाली असेल किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर वहीबिही राहू दे, १४४१६ ला फोन करा, टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोनवर बोलणं जमत नसेल तर काय सांगायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवा आणि बघून वाचा, किंवा घरच्या कोणाला तरी शेजारी बसवून त्यांना बोलायला सांगा. माझा तो कागद वहीच्या मागच्या कव्हरला चिकटवलेला आहे.