घराजवळचे झाड तोडण्यासाठी ठेकेदार निवडताना

विदर्भातील गावांत मृग लागण्यापूर्वी कवेलूच्या छपरावर झुकलेली चिंच किंवा मोह उतरवण्याची घाई होते, आणि नेमक्या त्याच वेळी ‘लाकूड आम्हाला द्या, झाड फुकट तोडून देतो’ असे सांगणारे दारात येतात. हा सौदा बहुधा मालकालाच महाग पडतो. लाकडाची किंमत आरागिरणीत आधी विचारून ठेवावी आणि मजुरीचा दर त्यापासून वेगळा ठरवावा.

सागवान, मोह, चिंच, आंबा, जांभूळ ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत असल्यामुळे ती स्वतःच्या अंगणात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘परवानगीचे आम्ही पाहून घेऊ’ एवढेच तोंडी सांगणाऱ्याला काम देऊ नये, कारण कारवाईची झळ मालकालाही बसू शकते.

ठेकेदाराची खरी पारख त्याच्या पहिल्या भेटीत होते. जाणकार माणूस आधी झाडाभोवती फिरतो, बुंधा पोकळ आहे का हे ठोकून पाहतो, विजेच्या तारा जवळ असल्यास महावितरणकडून पुरवठा बंद करून घेण्याचा विषय स्वतःहून काढतो आणि फांद्या दोराने बांधून शेंड्याकडून टप्प्याटप्प्याने कशा उतरवणार ते सांगतो. घराला लागून असलेले झाड थेट बुडातून पाडू म्हणणाऱ्याला नम्रपणे परत पाठवावे.

मजुरांचा अपघात विमा, छपराच्या नुकसानीची भरपाई, बुंधा आणि फांद्या कोण उचलणार, हे सारे कागदावर घ्यावे. पैशांचा मोठा हिस्सा अंगण मोकळे झाल्यावरच द्यावा.