मोहरीचे बी धरताना उंचीला भुलू नका

मोहरीच्या शेंगा भरत आल्या की पुढच्या हंगामाचे बी कोणत्या झाडांचे धरायचे, ते उभ्या पिकातच ठरवून टाका. एकदा मळणी झाली की चांगले-वाईट सगळे एका राशीत मिसळते आणि नुसते दाणे पाहून झाड ओळखता येत नाही. हा सल्ला सरळ वाणांसाठी आहे. संकरित वाणाचे बी धरू नका. पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत आणि उत्पादनही घटते.

शेतात शिरलो की नजर आधी उंच, डेरेदार झाडावर जाते. त्याला लगेच खूण बांधू नका. मोहरीच्या एका झाडाचे उत्पादन तीन गोष्टींनी ठरते: झाडावरच्या शेंगा, शेंगेतले दाणे आणि दाण्याचे वजन. समजा झाडावर २५० शेंगा आहेत, शेंगेत सरासरी १२ दाणे आहेत आणि हजार दाण्यांचे वजन ४ ग्रॅम भरते, तर त्या झाडापासून १२ ग्रॅम बी मिळेल. उंची, फांद्या, मुख्य शेंड्याची लांबी हे बाकीचे गुण या तिघांमार्फतच उत्पादनात उतरतात.

उंच झाड जास्त उत्पादन देते असे पुष्कळदा दिसते खरे, पण त्यामागे बहुतेक वेळा जास्त फांद्या आणि जास्त शेंगा असतात. एखाद्या गुणाचा थेट परिणाम किती आणि दुसऱ्या गुणाच्या आडून होणारा किती, हे वेगळे काढण्याचे गणित अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ स्यूअल राइट यांनी १९२१ मध्ये मांडले. ड्यूई आणि लू यांनी १९५९ मध्ये ते एका गवताच्या बीजोत्पादनाला लावून पाहिले आणि पुढे पीक पैदाशीत ही पद्धत रुळली. मोहरीत असा हिशोब केला की झाडावरच्या शेंगांची संख्या बहुधा वरच्या क्रमांकावर येते. फांद्यांचे महत्त्वही शेंगांमुळेच. तेव्हा भरलेल्या शेंगा असतील तेवढ्याच फांद्या मोजा. सावलीत वांझ राहिलेल्या खालच्या फांद्या हिशोबात धरू नका. उंच आणि उशिरा पिकणारे झाड तर आणखी जपून पाहावे. ते लोळते, आणि दाणे भरण्याच्या वेळी उष्णता वाढली तर बी बारीक राहते. उशिराच्या फुलोऱ्यावर मावाही जास्त येतो.

खरी अडचण पुढे आहे. शेंगांची संख्या वाणापेक्षा जागेनुसार जास्त बदलते. बांधालगतच्या किंवा तुटाळीशेजारच्या (रोपे न उगवलेल्या मोकळ्या जागेशेजारच्या) झाडाला ऊन, ओल आणि खत जास्त मिळते, म्हणून ते शेंगांनी लगडते. ती जागेची कमाई असते. बियातून पुढे जात नाही. म्हणून कडेच्या ओळी सोडा आणि आतल्या, चारही बाजूंनी शेजारी असलेल्या झाडांतूनच निवडा. शेताचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली उत्तम झाडे घ्यावीत, म्हणजे जमिनीचा कस कमी-जास्त असला तरी निवड फसत नाही. मक्यात गार्डनर यांनी १९६१ मध्ये हीच रीत वापरली होती. मोहरीतही ती मला सर्वांत भरवशाची वाटते.

हजार दाण्यांचे वजन हा गुण त्या मानाने स्थिर असतो आणि पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरतो. मात्र केवळ टपोऱ्या दाण्यामागे लागू नये. दाणा मोठा झाला की शेंगेतले दाणे किंवा शेंगा कमी झालेल्या अनेकदा आढळतात. आधी शेजाऱ्यांपेक्षा शेंगांत सरस असलेली झाडे वेगळी काढा, मग त्यांतून दाण्याच्या वजनाने गाळणी करा.

पांढऱ्या तांबेऱ्याने फुलोरा सुजून वाकडा झालेले झाड शेंगा कितीही असल्या तरी टाळा. पिवळा धोत्रा दिसेल तिथे बोंडे फुटण्याआधी उपटून टाका. त्याचे बी मोहरीसारखेच दिसते आणि तेलात गेले तर विषारी ठरते.

सुमारे ७५ टक्के शेंगा पिवळ्या पडल्या की खूण केलेली झाडे सकाळच्या गारव्यात कापा, म्हणजे शेंगा तडकून दाणे गळणार नाहीत. प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पिशवीत ठेवा, ओलावा ८ टक्क्यांपर्यंत येऊ द्या, हजार दाणे मोजून वजन पिशवीवर लिहा. पुढच्या पेरणीत एका झाडाचे बी एकाच ओळीत पेरा. जी ओळ सगळीच्या सगळी चांगली निघेल, तिचे मूळ झाड खरे.

मोहरीच्या जवळचे तोरिया हे पीक असेल तर मात्र एकेका झाडावर भिस्त ठेवू नका. त्याला स्वतःच्या परागाने बी जवळजवळ धरत नाही, परपरागीकरण लागते. तिथे अनेक चांगल्या झाडांचे बी समप्रमाणात मिसळून पेरावे.