म्हाताऱ्या मांजराने अन्न सोडले तर: पुन्हा खायला कसे लावावे

तेरा-चौदा वर्षांचे मांजर बशीपाशी येते, वाकते, हुंगते, ओठांवरून जीभ फिरवते आणि तोंड वळवून सोप्यावर जाऊन बसते. घरातले म्हणतात, 'लाडावलंय, ताजा बांगडा हवा असेल.' बांगडा येतो, तोही हुंगून तसाच राहतो. या वयात लाडाचा भाग जवळपास कधीच नसतो. मळमळतेय, कुठेतरी दुखतेय किंवा नाकाला वास येत नाही, यांपैकी काहीतरी असतेच. ते ओळखता आले की अर्धे काम झाले.

आधी घड्याळ पाहा

मांजराने २४ तास काहीच खाल्ले नसेल तर पशुवैद्यांना फोन करा. 'उद्या खाईल' म्हणून थांबू नका. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर सहसा निभावून जाते, मांजराचे तसे नाही. उपाशी मांजराचे शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवू लागते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी वापरता येत नाही, ती तिथेच साचत जाते. दोन-तीन दिवसांत यकृत बिघडायला लागू शकते आणि मग कावीळ होते. पूर्वी गुबगुबीत असलेल्या मांजराला हा धोका जास्त. रोज थोडे खाते पण नेहमीच्या निम्म्याहून कमी, असे चार-पाच दिवस चालले असेल तर तेही उपासासारखेच धरा.

पुढच्यापैकी काही दिसले तर घरचे उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा: वारंवार उलटी, तोंड उघडे ठेवून श्वास, लघवी न होणे, हिरड्या किंवा कानांची आतली कातडी पिवळी पडणे, मागचे पाय लुळे पडणे. गोव्यात पणजीजवळ टोंकला आणि मडगावजवळ सोनसोड्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. सत्तरी-पेडण्यासारख्या लांबच्या तालुक्यांतून एवढा प्रवास करायचा तर आधी फोनवर वेळ विचारा, अशक्त मांजराला वाट पाहण्याचा त्रास फार होतो. टोपलीत जुना टॉवेल घाला, वरून कापड झाका.

डॉक्टर बहुधा रक्त आणि लघवी तपासतील, रक्तदाबही पाहतील. म्हाताऱ्या मांजरांत किडनीचा विकार फार आढळतो. त्यात रक्तात साचणाऱ्या घाणीने मळमळ होते, पोटॅशियम घटले की अंगात त्राण राहत नाही. त्याखालोखाल दात, बद्धकोष्ठ, सांधे. अंगात पाणी कमी पडले असेल तर सलाईन दिल्याबरोबर भूक परतलेली कितीतरी वेळा दिसते. म्हणून 'सलाईन लागेल का?' हे स्वतःहून विचारा.

ते नकार कसा देते, ते बघा

डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडते ते हे निरीक्षण, आणि ते घरच्यांनाच करता येते.

बशीपाशी येते, जिभल्या चाटते, लाळ गळते, मग दूर जाते: मळमळ. भूक असते पण पोट नको म्हणते. घास उचलते आणि टाकते, मान एका बाजूला तिरकी करून चावते, कोरडे दाणे सोडून फक्त रस्सा चाटते: तोंडात दुखतेय. अन्न अगदी नाकाशी नेल्याशिवाय लक्षच देत नाही, नाक वाहते किंवा बंद आहे: वास येत नाही. जागेवरून उठतच नाही, पण बशी पुढ्यात नेली तर थोडे खाते: सांधे. चार दिवस शी नाही किंवा लहान सुक्या गोळ्या पडतात: बद्धकोष्ठ.

यातली मळमळ फार महत्त्वाची, कारण तिथेच सगळ्यांचे चुकते. मळमळत असताना एखादे अन्न समोर राहिले की मांजर त्या अन्नालाच त्रासाचे कारण समजते आणि बरे झाल्यावरही त्याला तोंड लावत नाही. म्हणून मळमळ थांबवणारे औषध मिळेपर्यंत त्याचा सगळ्यात आवडता पदार्थ बाहेर काढू नका, राखून ठेवा. आवडत्या अन्नात औषधाची पूड मिसळणे ही तशीच चूक. कडू चव एकदा लागली की तो पदार्थ कायमचा गेला.

नाक, बशी आणि मुंग्या

मांजर नाकाने खाते. गोड चव त्याला कळतच नाही, म्हणून दूध-साखर किंवा बिस्किटाने भूक चाळवत नाही. नाक चोंदले असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने नाकपुड्या हळूच पुसा. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरून दार लावा आणि मांजराला मांडीवर घेऊन दहा मिनिटे बसा, बादली त्याच्या आवाक्याबाहेर. पाण्यात बाम किंवा निलगिरीचे तेल घालू नका, ते मांजराला विषारी आहे.

भांडे उथळ आणि रुंद हवे. चहाची काचेची किंवा चिनी मातीची बशी उत्तम. खोल वाटीत मिशा कडेला घासतात, शिवाय मान खाली घालावी लागते. सांधे दुखत असतील तर बशी पालथ्या पातेल्यावर किंवा विटेवर, जमिनीपासून आठ-दहा सेंटीमीटर उंच ठेवा. खाली रबरी पायपुसणे घाला, म्हणजे गुळगुळीत लाद्यांवर पाय सरकणार नाहीत. पाण्याचे भांडे आणि शीची पेटी बशीपासून लांब.

गोव्यात खरा उपद्रव मुंग्यांचा. ओले अन्न ठेवले की पाच मिनिटांत बशीच्या कडेला तांबडी रेघ लागते. अशक्त मांजराच्या नाकाला तिथे एकदा मुंगी चावली की ते पुन्हा त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही. एका मोठ्या ताटलीत बोटाच्या पेराएवढे पाणी घाला, मधे वाटी पालथी घाला आणि तिच्यावर बशी ठेवा. मुंग्यांची पावडर किंवा खडू त्या जागी वापरू नका, ते पंजाला लागून पोटात जाते.

काय शिजवायचे

नेहमीचेच खाणे आधी कोमट करून पाहा. फ्रिजमधले गार अन्न मांजराला वासहीन लागते. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवा, मग ढवळा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावल्यावर गार-गरम काहीच जाणवले नाही, की बरोबर. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल इतके तापते, म्हणून तिथे ढवळणे चुकवू नका.

ते जमले नाही तर चिकन. पाव किलो चिकन हाडांसकट, तीन कप पाणी, बाकी काही नाही. मीठ नाही, हळद नाही, आले-लसूण-कांदा तर मुळीच नाही. कुकरला मध्यम आचेवर तीन-चार शिट्ट्या द्या. गार झाल्यावर हाड न् हाड काढून टाका, शिजलेले हाड तडकते आणि टोचते. पाणी फेकू नका: मांजराला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य बरेचसे त्या पाण्यात उतरते आणि वासही तिथेच असतो. ते गाळून, वर चढलेली चरबी काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पोह्याचे दोन चमचे चिकन आणि तेवढेच पाणी मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत फिरवा. दात दुखणारे मांजर हे चाटून खाते. पावसाळ्यात वीज जाऊन बर्फ वितळला आणि कोमट झाला असेल तर टाकून द्या.

मासळीत मुड्डोशी किंवा इसवणाचा (सुरमईचा) तुकडा सोपा. मोदकपात्रात आठ-दहा मिनिटे वाफवा आणि बोटांनी चाचपून काटे काढा. डोळ्यांना दिसत नाही तो काटा बोटाला लागतो. बांगडा, तारले यांचा वास जबरदस्त, म्हणून भूक चाळवायला चमचाभर चांगले, पण रोजचे जेवण म्हणून नको. तेलकट मासळीवरच ठेवलेल्या मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडते आणि अंगातली चरबी सुजते, दुखते. कच्ची मासळी नकोच: काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बाजारातली मासळी बर्फातली, लांबून आलेली असते. बांगडा जरा शिळा झाला तरी त्यात त्रासदायक द्रव्ये तयार होतात आणि ती शिजवूनही जात नाहीत. त्या दोन महिन्यांत चिकनच बरे.

पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या डब्यातली सुकी सुंगटे (कोळंबी) किंवा गालमो (जवळा) वासाला अप्रतिम. भाजून पूड करा आणि दोन बोटांत मावेल तेवढीच वर भुरभुरवा, त्यांत मीठ फार. किडनीचे निदान झालेल्या मांजराला देण्याआधी डॉक्टरांना विचारा. चिकनची कलेजी चहाच्या चमचाएवढी, आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नको, कारण अ जीवनसत्त्व साचते.

हुमणाचा (माशांच्या आमटीचा) रस घातलेले शीत, म्हणजे भात, मात्र बंद. अनेक घरांत मांजरे त्यावरच वाढतात आणि त्यांना काही होत नाही असे वाटते. पण वाटणातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि आधीच रक्त कमी असलेल्या म्हाताऱ्या मांजराला ते परवडत नाही. लहान मुलांचे मांसाहारी बाटलीबंद अन्न आणायचे तर त्यातही कांद्याची पूड नाही ना, हे वाचून घ्या. दुधाने बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात.

कसे द्यायचे

घर शांत असते ती वेळ निवडा: पहाटे, किंवा रात्री सगळे निजल्यावर. मे महिन्यात दुपारी तरणे मांजरही खात नाही.

बशीत एक चहाचा चमचाच वाढा. भरलेली बशी मळमळणाऱ्या मांजराला दुरूनच नको वाटते. बशी नाकाच्या अगदी समोर न धरता हातभर अंतरावर ठेवा आणि बाजूला बसा, त्याच्या तोंडाकडे टक लावू नका. हुंगले पण खाल्ले नाही, तर बोटाच्या टोकावर थोडे घेऊन पुढे करा. तेही नको, तर पंजाच्या वरच्या बाजूला तांदळाएवढा ठिपका लावा. मांजर अंग स्वच्छ करायला तो चाटते, आणि कधी कधी तेवढ्या चवीने पुढचा घास सुटतो. ठिपका एकदाच. चाटून पुसून पाठ फिरवली तर तो नकार आहे, तो माना.

वीस मिनिटांनी बशी उचला, उरलेले टाका, दोन-तीन तासांनी ताजे कोमट पुन्हा. दिवसाकाठी सहा-सात वेळा. एकाच वेळी पाच पदार्थ मांडू नका, पाचही वासांवरून मन उडते. एका वेळेला एक किंवा फार तर दोन.

चार किलोच्या मांजराला निव्वळ विसाव्यात दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, तीन किलोच्याला १६०. शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १६५ कॅलरी असतात. मांजराच्या तयार ओल्या खाण्याच्या पाऊचवरचा आकडा वाचून घ्या, ८५ ग्रॅमचे पाऊच बहुधा एवढ्याच्या निम्मेही भरत नाही. पण तीन-चार दिवसांच्या उपासानंतर पहिल्याच दिवशी पूर्ण पोट भरू नका. पहिल्या दिवशी गरजेच्या पाव ते एक-तृतीयांश, दुसऱ्या दिवशी निम्मे, चौथ्या दिवसापर्यंत पूर्ण. एकदम भरपूर अन्न गेले की रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने घटते आणि ते जिवावर बेतू शकते.

सिरिंज आणि औषधे

सिरिंजने भरवायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. ठरले तर बिनसुईची सिरिंज तोंडाच्या बाजूने, सुळ्याच्या मागे घाला, डोके सरळ ठेवा, एका वेळी अर्धा-एक मिलिलिटर, गिळले की पुढचे. डोके वर करून ओतले तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. मांजर झटापट करू लागले की थांबा. रोजची झटापट होत असेल तर अन्न भरवण्यासाठी मानेतून बसवायच्या नळीबद्दल विचारा. नाव ऐकून घरचे घाबरतात, पण मांजराला ती जबरदस्तीपेक्षा कितीतरी सोसवते.

उलटी-मळमळीवर मॅरोपिटंट आणि भुकेसाठी मिर्टाझापिन ही औषधे डॉक्टर देतात. मिर्टाझापिन माणसांसाठीही मिळते, पण त्या गोळ्या बहुधा १५ मिलिग्रॅमच्या आणि मांजराचा डोस दोन मिलिग्रॅमच्या आसपास, किडनी बिघडलेली असेल तर तोही एक दिवसाआड. घरी तुकडे करत बसू नका. पॅरासिटामॉलची तर अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

खायला लागल्यावर

नुसते चिकन तीन-चार दिवसच चालते, कारण त्यात कॅल्शियम जवळपास नसते. रोज चमचा-दीड चमचा पाऊच मिसळत आठवड्याभरात पूर्ण आहारावर आणा. किडनीचे खास अन्न सुचवले असेल तर ते भूक स्थिरावल्यावरच, तेही असेच मिसळत. आजारपणात ते पुढे केले तर मांजर त्याला कायमचे नाकारते. आणि किडनीचे अन्न न खाता उपाशी राहण्यापेक्षा नेहमीचे खाऊन पोट भरलेले बरे.

दर आठवड्याला त्याच टोपलीत, त्याच काट्यावर वजन करा. तीन किलोच्या मांजराचे १०० ग्रॅम उतरले तर ते माणसाचे दोन किलो उतरल्यासारखे आहे. खाल्लेले चमचे, पाणी, शी, उलटी एका वहीत तारखेनिशी लिहा आणि ती वहीच दवाखान्यात न्या.

हे सगळे करून, औषधेही देऊन मांजर अन्नाकडे वळत नसेल, तर त्याला किती दुखत असेल आणि ते कमी करता येईल का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. सुटका द्यायची वेळ आली आहे का, हेही विचारा, त्यात काही वावगे नाही. त्या दिवसांत बशी तोंडाशी नेऊ नका. गार लाद्यांवरून उचलून जाड गोधडीवर ठेवा, पाणी मान वळवून पोहोचेल इतके जवळ असू द्या, आणि स्वतःला चाटण्याएवढे बळ उरले नसेल तर कोमट ओल्या कापडाने त्याचे तोंड आणि पंजे पुसून द्या.